कठड्यापलीकडे आई

लालबागची आमची चाळ पाडून तिथं टॉवर उभा राहीपर्यंत आम्ही घोडपदेवला भाड्यानं राहत होतो. चावी मिळाल्यावर आईला नवी जागा दाखवायला नेलं. बाविसावा मजला. लिफ्टमध्ये तिनं माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. हॉलच्या खिडकीतून एकदा खाली पाहिलं आणि भिंत धरत तिथंच फरशीवर बसली. डॉक्टरांनी बीपी पाहिलं, कान तपासले, काही निघालं नाही.

त्यानंतर आई नव्या घराबद्दल चकार शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिथं तिला काही झालं तर? लिफ्ट बंद असली तर खाली कसं आणायचं? ऑफिसातही डोक्यात हेच चालायचं.

दसऱ्यानंतर कोकणात गावी निघालो. बायको म्हणाली, कोल्हापूरवरून घाट उतरू, वाटेत पॉइंट लागतो, आईंना उंचीची जरा सवय होईल. मला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

पॉइंटवर पोचलो तेव्हा धुकं नुकतंच वर सरत होतं. खाली खोल दरी, तळाशी वळणं घेत गेलेली नदी, दोन्ही बाजूंना पिकत आलेलं भात, कुठं हिरवं, कुठं पिवळं. कठड्यापासून लांबच मी आईचा दंड धरून उभा राहिलो. नदीकडे माझं लक्षच नव्हतं, मी तिच्या चेहऱ्यावर भीती शोधत होतो. बायको पाण्याची बाटली आणायला गाडीकडे गेली. माझा फोन वाजला. तो घ्यायला मी आईचा दंड सोडला, ऑफिसचं बोलणं आटपून पाहतो तर आई शेजारी नाही.

कठडा संपतो तिथून एक पायवाट खाली जात होती. आई ती उतरून कातळाच्या सपाट तुकड्यावर पोचली होती. पदर खोचलेला, चपला हातात. पुढं नुसती दरी. मोठ्यानं हाक मारली तर ती दचकेल, नाही मारली तर आणखी पुढं जाईल. पायवाटेवर पाऊल टाकलं, पण उभ्यानं उतरायला जमेना. शेवटी बसून, हात टेकत, सरकत तिच्याजवळ गेलो.

"आई, मागं ये," मी जमेल तितक्या हळू म्हणालो.

"घाबरतंस कित्याक? अशाच कड्यावर गुरां राखलंय मी."

"मग त्या खिडकीशी काय झालं होतं?"

तिनं अनवाणी पाय कातळावरच्या मातीत घासला. "हय पायाखाली माती आसा रे. थय काय आसा?"

मग तिनं नदीच्या एका वळणाजवळ बोट दाखवून सांगितलं की ते तिच्या माहेरचं शेत. जरा निरखून म्हणाली, नसेलही, दुसऱ्याचं असेल. वर येताना तिनंच माझा हात धरला होता.

गावाहून परत निघालो त्या सकाळी आई गाडीत बसलीच नाही. इथंच आपल्या जुन्या घरात राहते, म्हणाली. मी औषधांचं सांगितलं, दवाखाना किती लांब आहे ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोच्या हातात कोकमांची पिशवी दिली. शेजारी माझ्या चुलतभावाचं बिऱ्हाड आहे, एवढाच काय तो आधार.

टॉवरमध्ये आम्ही तिच्याशिवाय राहायला आलो. गावात घरी रेंज नसते, म्हणून संध्याकाळी ती फोन घेऊन शाळेच्या चढावर येते. कधी येते, कधी कंटाळा करते. फोन लागेपर्यंत मी हॉलमध्ये फेऱ्या मारतो. बायको म्हणते, बसा जरा. बसवत नाही.