दोन थापा

टेपमावशीला तिचं खरं नाव विचारू नका, सही करताना तिलाही ते क्षणभर आठवावं लागतं. पस्तीस वर्षं गळ्यात माप घ्यायची टेप. सकाळी दुकान उघडताना ती गळ्यात चढते आणि जेवतानासुद्धा उतरत नाही, मग लोक दुसरं काय म्हणणार? वय सत्तावन्न, उंची बेताची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि हसायला लागली की आधी तिचे खांदे हसतात. तिचं आणि तिच्या थोरल्या बहिणीचं मिळून शिलाईचं दुकान. थोरली कापड कापते, धाकटी मापं घेते आणि ट्रायल बघते. राहायला दोघी दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत. थोरलीला सगळं जग कडक इस्त्रीचं लागतं. धाकटीला ते अंगावर बरं बसलं की पुरे.

तर ही टेपमावशी जूडो शिकायला गेली ती आवडीनं नव्हे, रागानं.

झालं असं, की कोपऱ्यावरच्या शाळेच्या हॉलमध्ये जूडोचा क्लास निघाला आणि त्यांच्या जाड पांढऱ्या जाकिटांचं काम दुकानात आलं. मावशीनं जीव ओतून शिवली. कॉलरला आठ-आठ टिपा, काखेत दुहेरी पट्टी. आठवड्याच्या आत तीन जाकिटं काखेत उसवून परत आली. पुढच्या आठवड्यात पाच. थोरली कात्री न थांबवता म्हणाली, "तुझा हात सैल पडायला लागलाय." झालं. मावशीला माणसानं काहीही बोलावं, तिच्या टाक्याला बोलू नये. पाचही जाकिटं काखोटीला मारली आणि तरातरा हॉल गाठला.

तिथं जे दिसलं ते बघून ती दारातच थबकली. वीसेक धडधाकट माणसं एकमेकांच्या कॉलरी धरून एकमेकांना गादीवर आपटत होती. तिच्या कॉलरी, तिच्या आठ टिपांच्या. शिकवणारे होते गल्लीतलेच दाताचे डॉक्टर.

"तुमच्या लोकांना कपडे वापरायची काही रीत आहे की नाही?" मावशीनं विचारलं.

डॉक्टरांनी जाकिटं पाहिली, मान हलवली. "मावशी, शिलाई उत्तम आहे. पण ही कुठून आणि कशी ओढली जाते ते तुम्हाला इथून दिसायचं नाही. जरा आत या. माझी कॉलर धरा."

मावशीनं धरली. डॉक्टर दवाखान्यात बोलतात त्याच मऊ आवाजात म्हणाले, "आता सैल सोडा. काही दुखणार नाही." हे वाक्य ऐकून गावातल्या निम्म्या लोकांनी दाढा गमावल्यात. मावशीनं सैल सोडलं, आणि पुढच्या क्षणी ती छताकडे बघत होती. गादीवर उताणी. चष्मा कपाळावर, टेप कानावर.

आणि मग मावशीला हसू फुटलं. असं फुटलं की उठवायला आलेले दोघेही तिच्याबरोबर खाली बसले. लहानपणानंतर ती कधी पडलीच नव्हती हो! सत्तावन्न वर्षांच्या बाईला लोक पडू देत नाहीत. जिन्यावर हात धरतात, ओली फरशी दिसली की ओरडतात. आणि इथं एक शिकलेला माणूस तिला मुद्दाम पाडत होता, वर पुन्हा कसं पडायचं ते समजावून सांगत होता. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात गादीवर आडवा आपटायचा. मावशी त्या संध्याकाळी अकरा वेळा पडली. घरी गेली ती गुणगुणत.

त्यानंतर दुकानाची शांतता गेली ती गेलीच. इस्त्रीच्या टेबलाआड दोन गाद्या टाकून मावशी सराव करायची. बाहेर गिऱ्हाईक अस्तराचा रंग निवडतंय आणि आतून धप्प.

"काय पडलं हो?" गिऱ्हाईक दचकून विचारायचं.

"बहीण," थोरली सांगायची, आणि पुढचा रंग दाखवायची.

खरी गंमत पुढेच होती. मावशी पडण्यात जेवढी रमली तेवढीच पाडण्यात तयार झाली, आणि तीही तिच्या धंद्यामुळं. पस्तीस वर्षं माणसांची मापं घेतलेली बाई. कुणाचा कुठला खांदा अर्धा इंच खाली आहे, कोण कुठल्या पायावर भार देऊन उभा राहतो, हे तिला टेप न लावता दिसतं. क्लासमधले धिप्पाड गडी तिच्यासमोर यायचे. ती नाकावरच्या चष्म्यातून एकदा वरपासून खालपर्यंत बघायची, मनातल्या मनात म्हणायची, 'उजवीकडे झुकतोय', आणि गडी उजवीकडे आडवा. सहा महिन्यांत डॉक्टर तिच्याशी जपून वागायला लागले.

एवढं असून टेपमावशीच्या कमरेला पांढराच पट्टा. क्लासचे पिवळे, नारिंगी, हिरवे सगळे पट्टे तीच शिवायची, मोजून, कडा दुमडून, दहा टिपा घालून. तिच्यामागून आलेली चिल्लीपिल्ली तिनं शिवलेले पिवळे पट्टे बांधून तिच्यापुढून मिरवायची. आणि मावशी दोनदा परीक्षेत नापास.

कारण सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. ट्रायलला माणूस उभं केलं, खांदा बघितला, कॉलर सारखी केली, की मावशी त्याच्या खांद्यावर हलकेच दोन थापा मारते. म्हणजे, झालं, आता वळा. पस्तीस वर्षांत हे हातात इतकं मुरलंय की आपण थापा मारतो हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि जूडोत समोरच्याच्या अंगावर दोन थापा म्हणजे, हरले, सोडा. नियम सगळ्यांना सारखा, मग तुम्ही खाली असा नाहीतर वर.

जिंकायला समोरच्याला पाठीवर वीस सेकंद दाबून धरावं लागतं. पहिल्या परीक्षेत मावशीनं गणिताच्या मास्तरांना आडवं केलं, बाराव्या सेकंदाला त्यांची चुरगळलेली कॉलर तिला बघवेना, ती सारखी केली, आणि मायेनं दोन थापा. बाहेरगावच्या परीक्षकांनी हात वर केला. मावशी हरली. मास्तरांनाही कळेना आपण जिंकलो कसे. दुसऱ्या परीक्षेत एकोणिसाव्या सेकंदाला तेच. त्यातून तिचं मनगट मुरगळलं, आणि शाळेचे चाळीस गणवेश थोरलीला एकटीला करावे लागले. काजं, बटणं, सगळं.

थोरलीनं शेवटचं बटण लावलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आणखी एकदा बस परीक्षेला. या खेपेला पट्टा आला नाही तर हा धांगडधिंगा बंद. कबूल?"

मावशीला नाही म्हणता येईना. बहिणीची बोटं सुजलेली समोर दिसत होती. "कबूल," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. उभा जन्म ती लोकांच्या अंगाला बसेल असं शिवत आली. स्वतःच्या अंगाला बसलेली ही एवढी एकच गोष्ट तिला मिळाली होती, तीही या वयात. ती आता दोन थापांपायी जाणार होती.

मग सुरू झाली सवय मोडायची खटपट. मावशीनं ठरवलं, दुकानात थापा बंद. पहिलंच गिऱ्हाईक बँकेतले साहेब, नवा कोट. मावशीनं खांदा बघितला, कॉलर सारखी केली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून मागे सरकली. साहेब आरशासमोर उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, साहेब उभेच. आपण थापा पडल्यावरच वळतो हे त्या बिचाऱ्यालाही वीस वर्षांत ठाऊक नव्हतं. शेवटी थोरली आतून आली आणि तिनं त्यांना खांद्याला धरून वळवलं. आठवडाभर दुकानात माणसं अशी खांबासारखी उभी. एकदा तीन जण एका रांगेत. मावशी हातात टाचण्यांची डबी धरायची, खडू धरायची, एकदा तर तिनं स्वतःची टेप दोन्ही मनगटांना गुंडाळली आणि सोडवता येईना म्हणून बहिणीला हाक मारली. थोरलीनं सोडवली, पण हसली नाही. हल्ली ती हसतच नव्हती.

परीक्षेचा दिवस उजाडला. मावशी गादीवर आली, वाकून नमस्कार केला, मान वर केली, तर काय! पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर, थोरली. दुकान बंद करून आलेली. दिवसाढवळ्या दुकान बंद ठेवणं थोरलीला तापातसुद्धा जमलेलं नाही.

समोर उभी होती बेकरीवाली. रोज पहाटे पोतंभर पीठ मळणारी बाई, दंड बघा नुसते. मावशीनं चष्मा काढून डॉक्टरांकडे दिला. चष्म्याशिवायही दिसत होतं, बेकरीवालीचा डावा खांदा खाली. पावांचे ट्रे वाहून वाहून.

"सुरू," परीक्षक म्हणाले.

बेकरीवालीनं धरलं ते थेट कॉलरला, आणि असा हिसका दिला की काखेतली शिवण टर्रकन गेली. मावशीला स्वतःपेक्षा शिवणीचं वाईट वाटलं, पण थांबायला सवड नव्हती. ती डावीकडे सरकली, कंबर आत घातली, आणि एवढी मोठी बाई अलगद तिच्यावरून पलीकडे गेली. मावशी तिच्यावर पसरली. मान काखेत, दंड गच्च. परीक्षकांनी मोजायला सुरुवात केली.

पाच. सहा. बेकरीवाली खालून उसळत होती. आठ. मावशीच्या नाकासमोर तिची कॉलर उलटी दुमडलेली, नऊ, अगदी नाकासमोर, दहा. मावशीनं डोळे मिटले. बोटं शिवशिवायला लागली. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक आवाज आला, खणखणीत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल असा.

"सोडू नकोस गं!"

पस्तीस वर्षांत थोरलीचा आवाज दुकानाबाहेर गेलेला कुणी ऐकला नव्हता. मावशी दचकली, आणि आणखी आवळून बसली. तेरा. चौदा. आणि मग दोन थापा पडल्या.

मावशीला त्या स्पष्ट ऐकू आल्या. 'मेला हा हात,' ती मनात म्हणाली, 'पुन्हा मारल्याच.' आता सगळं संपलंच होतं, निदान सुटेपर्यंत तरी धरून ठेवावं, असं म्हणून तिनं डोळे आणखी घट्ट मिटले आणि होतं नव्हतं ते बळ लावलं. पुन्हा दोन थापा. मग चार. मग नुसता वर्षाव. हॉलमध्ये गलका झाला. डॉक्टर धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि आपल्या मऊ आवाजात तिच्या कानाशी म्हणाले, "मावशी, आता सैल सोडा. ती हरली. थापा ती मारतेय."

मावशीनं डोळे उघडले. तिचे स्वतःचे दोन्ही हात बेकरीवालीच्या मानेखाली एकमेकांत अडकलेले होते. आणि तिच्या पाठीवर बेकरीवालीचा पंजा. तिनं हात सोडले, आणि दोघी शेजारी शेजारी उताण्या पडून हसायला लागल्या. बेकरीवालीला हसताना ठसका लागला. परीक्षकांनी पिवळा पट्टा आणला तरी मावशीला धड उभं राहता येईना, शेवटी तिला बसल्या बसल्याच पट्टा बांधला.

परतताना दोघी बहिणी रस्त्यानं चालत होत्या. मावशीच्या काखेतून शिवणीची पट्टी बाहेर आलेली, कमरेला पिवळा पट्टा, ओळखीचं कुणी दिसलं की ती अंग वळवून पट्टा दाखवायची. अनोळखी लोकांनाही दाखवला. थोरली एकदम थांबली.

"एक सांगते, रागवू नकोस. तू नापास व्हावीस म्हणून आले होते मी."

मावशीचं हसू ओठांवरच राहिलं. "म्हणजे?"

"आठवड्यातनं तीन संध्याकाळी तू तिकडे असतेस. मी एकटी दुकानात. एवढंसं दुकान, पण तू नसलीस की केवढं मोठं वाटतं. गणवेशांचं काय, मी शंभर शिवले असते. तिथं खुर्चीवर बसून मनात म्हणत होते, मार आता थापा, मार लवकर, म्हणजे घरी जाऊ." थोरलीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि त्या बाईनं तुझी शिवण फाडली ना, मग माझ्या तोंडून भलतंच निघालं."

मावशीला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं तिला उचकी लागली. तिनं थोरलीचा हात धरला. बोटांवर अजून सुयांच्या खुणा होत्या.

"मग तूही येत जा की."

"मी काही पडायबिडायची नाही या वयात."

"पडू नकोस. खुर्चीवर बसत जा."

"नुसती बसून काय करू?"

"ओरडत जा," मावशी म्हणाली.

थोरली पुन्हा चालायला लागली. दुकान आलं, तिनं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि मागं न बघताच विचारलं, "किती वाजता असतं म्हणालीस?"