कमलचा मंगळवार

हे मी कुणालाच सांगितलं न्हाई. मालकांना न्हाई, पोटच्या लेकीला न्हाई, राजूरच्या गणपतीपुढं उभी राह्यले तवाही न्हाई. तिथं नुसता नारळ फोडला अन् आले! तुम्हाला का सांगून राह्यले? माहीत न्हाई. ऐका.

कमल माझी नणंद. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला. लग्न झालं न्हाई, आमच्यातच राह्यली. जिभेची अशी तिखट, की मलासुद्धा पुरून उरायची — अन् मी काय कमी आहे का? पण सासूबाई, म्हणजे तिची आई, वारली अन् ही गपच झाली. भिंतीकडं तोंड करून पडायची. ताट तसंच राहायचं. लोक म्हणाले, बाहेरचं असेल, अंगारा लावा. लावला. काय फरक पडतो?

मंग जालन्याहून शोभाताई आली. अपंग बायांच्या मनाचं दुखणं बघायचं, हे तिचं काम. पहिल्या दिवशी ती तसं सरळ बोलली, अन् मालकांनी उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. आमच्या घरात येडं कुणी न्हाई म्हणाले. दुसरी असती तर परत फिरकली नसती. ही पुढच्या मंगळवारी जुनी लुगडी काखेत मारून हजर! "वहिनी, मला वाकळ शिवायला शिकवता का?" मला कुठली येते? येत होती कमलला, आईच्या हाताखाली शिकलेली. ताई तिच्याशेजारी बसली अन् असे वाकडेतिकडे टाके घातले, की कमलच्या तोंडून कित्येक दिवसांनी शब्द निघाला — तो शिवीच!

काय बाई होती! एक प्रश्न विचारायची न्हाई. हात चालू, मान खाली — अन् मान खाली असली की बाई आपसूक बोलते, हे त्या शहरातल्या पोरीला कुणी शिकवलं? आमचं दार कसं उघडतं ते तिला एका फेरीत कळलं. मला आजही तिचं कौतुक वाटतं.

चौथ्या मंगळवारी कमल रडली. मी भाकरी थापत होते, चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं. म्हणाली, हळदीकुंकवाला बाया आल्या की आई मला मधोमध बसवायची. वहिनी मागच्या खोलीत बसवते. भाचीला बघायला पाहुणे आल्ते, तवा तर बाहेरून कडी लावली.

खोटं बोलली का ती? एक अक्षर न्हाई. कडी मीच लावल्ती. पण मला वाईट कशाचं वाटलं, सांगू? कडीचं न्हाई. परक्या बाईला कळलं, त्याचं.

मंग — पुढच्या मंगळवारी मी फाट्यावर जाऊन उभी राह्यले. ताई एस्टीतून उतरली. म्हणाले, कमल म्हणते आता येऊ नका, तुमच्याशी बोलून तिला तरास होतो. ताईचं तोंड एवढंसं झालं. "माझंच काही चुकलं असेल," म्हणाली. तिचं चुकलं म्हणे! घरी येऊन कमलला सांगितलं, ताईची बदली झाली. पुढं एक कार्ड आलं — कमलताई, बोलवलंत तर लगेच येईन. ते मी बंबात घातलं.

कमल कितीतरी मंगळवार दाराकडं बघत बसली. मला वाटलं, वळते परत भिंतीकडं. न्हाई वळली! वाकळ एकटीनं पुरी केली. मंग सरकत सरकत ओसरीवर आली अन् गल्लीतल्या आंधळ्या गयाबाईला हाक मारली. मंग एक मुकी पोर यायला लागली. मंग हात भाजलेली एक सून. आज पंधरा वर्षं झाली, दर मंगळवारी आमच्या ओसरीवर सात-आठ जणी वाकळ शिवतात. ज्या घरात कुणी धड बोलत न्हाई, तिथून उठून येतात अन् जाताना हसत जातात. शिकली न्हाई, सवरली न्हाई — पण कमलसारखी बाई मी दुसरी बघितली न्हाई.

नवी बाई आली की लाजते, मागंपुढं बघते. तवा कमल तिला म्हणते, "बोल गं, बिनघोर बोल. दारात माझी वहिनी बसलीय. ती कुणाला आत येऊ द्यायची न्हाई."

अन् मी दारात बसलेली असते.