दोन खिडक्यांची मापं

मास्तर शिंपी होते, पण त्या शहरात शिवायला फारसं काही नव्हतं. परक्या मुलखात नवे कपडे लोक तयारच घेत. सैल झालेलं आवळायचं, आखूड झालेलं उसवून सोडायचं, एवढंच काम उरायचं. एका जिन्याखालच्या दुकानात त्यांनी अकरा वर्षं लोकांच्या पँटी कमी केल्या. टेप कायम गळ्यात. खोलीवर आले तरी निघत नसे.

खोलीत सहा जण राहत. त्यांतला इलेक्ट्रिशियन म्हणायचा, "मास्तर, डॉक्टरसुद्धा घरी जाताना गळ्यातलं काढून ठेवतो."

"त्याला घर असतं," मास्तर म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांना कुटुंब आणायची मुभा मिळाली. राहत्या घराचा करार स्वतःच्या नावावर हवा होता, आणि मुलीचा अर्ज ती अठराची व्हायच्या आत जायला हवा होता. एकदा अठरा पूर्ण झाली की ती नियमातून बाहेर. मुलीला मागे ठेवून बायको येणार नव्हती. "आम्ही दोघी, नाहीतर कुणीच नाही," असं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

मास्तरांनी वर्षभर लोकांचे उंबरे झिजवले. बहुतेक घरं फोनवरच जायची. बोलण्याची ढब ऐकली की घर कालच गेलेलं असायचं. जी फोनवर टिकायची ती कागद बघून जायची. कायमचे रहिवासी नाही म्हणजे इथला जामीन आणा. इथल्या माणसांना मास्तर कमरेच्या मापाने ओळखत. जामीन कोण राहणार?

वाढदिवसाला पाच आठवडे उरले असताना एजंटाने तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या दाखवल्या. मालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहायच्या. त्यांनी जामिनाचं नावही काढलं नाही. "मी माणूस बघून देते," म्हणाल्या. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. बायकोही शिवणारीच. तिने नळ, ओटा काही पाहिलं नाही. "अहो, खिडक्यांची मापं घ्या ना. पडदे मी इथूनच शिवून आणते."

मागून मुलगी ओरडली, "आणि माझं टेबल बसेल का तेही बघा, बाबा."

फोन ठेवून मास्तरांनी दोन्ही खिडक्या मोजल्या. मग टेबलासाठी भिंत मोजली. मग हात थांबेना. समोरची भिंत, दारापासून कोपऱ्यापर्यंत, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत. तोंडाने पुटपुटत ते तळहातावर पेनाने आकडे लिहीत होते. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सध्या कुठे राहता?" त्यांनी विचारलं.

"जवळच. एका खोलीत सहा जण," मास्तर तिथल्या भाषेत तोडकंमोडकं, पण खरं ते बोलून गेले. वर हसलेसुद्धा. बाईही हसल्या. मंगळवारी सहीला या, म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी एजंटाचा फोन आला. घर दुसऱ्यांना दिलं.

"पण का?"

"तुम्ही भिंती कशाला मोजत होतात?"

मास्तरांना प्रश्नच कळला नाही.

"पलंग किती मावतात ते बघत होता, असं म्हणतायत त्या. मागे त्यांनी एकाला दिलं, तर आत आठ जण निघाले. भले माणसा, निदान सांगायचं तरी."

मास्तर दुकानाचं दार ओढून घेऊन तडक बाईंकडे गेले. फोनमधला मायलेकींचा फोटो पुढे केला. पडदे, टेबल, सगळं सांगितलं. शब्द सापडले नाहीत तिथे हातांनी दाखवलं. बाई फोटोकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"त्याच वेळी बोलायचंत ना," त्या म्हणाल्या. "काल सह्या झाल्या. मला आता मोडता येत नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाणी आणून दिलं. मास्तर ते सगळं प्यायले. ग्लास परत दिला, आभार मानले. बाईंच्या बाहीची शिवण उसवली होती. शिवून देऊ का, असं अगदी ओठांवर आलं होतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मीच मापं मागितली."

"तू खिडक्यांची मागितलीस. भिंती मी मोजल्या."

"मी मागितलीच नसती तर तुम्ही नुसते बघून निघाला असतात."

"अगं, मी कुठेही गेलो तरी मोजतोच. तुला माहितीये."

ती ऐकेना. पुढे रोज फोनवर तेच. ती दोष आपल्याकडे ओढायची, मास्तर आपल्याकडे. मुलगी मध्ये पडायची नाही.

उरलेल्या दिवसांत इलेक्ट्रिशियनने कामाला जाईल तिथे घर विचारलं. एक तळघर मिळालं. खिडकी नव्हती, म्हणून अर्ज घेणाऱ्या कचेरीने ते घर धरलं नाही. मास्तरांनी आणखी चार ठिकाणी पाहिलं. हात पाठीमागे बांधून पाहिलं. तीही घरं गेली.

गुरुवारी मुलगी अठराची झाली. मास्तरांनी दुकानातूनच फोन केला. काय केलंस, नवा ड्रेस बसला का, सगळं विचारून झालं. ती हसतखेळत उत्तरं देत होती. एवढं हसायची तिला सवय नव्हती.

मग म्हणाली, "बाबा, कॉलेजचा फॉर्म भरतेय कॉम्प्युटरवर. वडिलांचा पत्ता विचारतायत. काय लिहू?"

खोलीचा करार सहांतल्या एका ड्रायव्हरच्या नावावर होता, आणि तो महिनाअखेर खोली सोडणार होता. मग बाकीच्यांनाही निघावं लागणार होतं.

"आईचाच लिही."

"तो वर लिहिलाय. हा वेगळा रकाना आहे."

"मग राहू दे तसाच."

"काही लिहिल्याशिवाय पुढे जात नाहीये, बाबा."

मास्तर गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. तिनेही फोन ठेवला नाही. थांबून राहिली.