धोंडाबाईचा पाव

मुठा खोऱ्यातल्या एका फार्महाउसात धोंडाबाई अकरा वर्षं रांधत होती. पुण्याचे पाहुणे शनिवारी यायचे, तिच्या हातची तांदळाची भाकरी नि सुक्या मासळीचं कालवण बोटं चाटून खायचे, अन् रविवारी गाडीत बसताना "मावशी, झकास!" म्हणायचे. आणि आता हा निरंजन! काल-परवा आलेला मॅनेजर, तो म्हणतो कसा, "मावशी, पाहुण्यांना सकाळी घरचा ताजा पाव लागतो. जमला तर स्वयंपाकघर तुमचं. नाहीतर पुण्याहून माणूस आणतो, तुम्ही भांडी सांभाळा."

भांडी! अकरा वर्षं जिनं सगळ्यांना जेवू घातलं, तिनं आता खरकटी काढायची? धोंडाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. निरंजननं मैदा अन् यीस्टची पुडी पुढ्यात टाकली, ओव्हनकडे बोट दाखवलं. कसं करायचं विचारलं तर म्हणाला, "पुडीवर लिहिलंय सगळं." इंग्रजीत! तिसरीत शाळा सुटलेल्या बाईला!

मग तिनं आपल्या अकलेनं केलं. तांदळाच्या भाकरीला उकळतं पाणी लागतं, हे मावळात पोरीला बोलता येण्याआधी कळतं. तिनं चांगलं खळखळतं आधण यीस्टवर ओतलं, पीठ मळलं, झाकून ठेवलं. दोन तास झाले, तीन झाले, गोळा आपला ठिम्म. तसाच भाजला. निघाला तो पाव कसला, पाटाच! सुरी लागेना. निरंजननं तो टेबलावर ठोकून दाखवला, फोटो काढला, कामगारांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मावशींची वीट.'

घरी आल्या आल्या धोंडाबाईनं पुडी सुनेपुढे आदळली. शीतल बारावी शिकलेली. तिनं वाचलं अन् कपाळावर हात मारला.

"आत्या, ह्ये जित्तं असतंय. कोमट पाणी लागतंय त्याला. तुमी आधणात मारलं."

"मग ह्ये त्या मेल्यानं आदी सांगायचं न्हाई व्हय? जीभ झडली व्हती का त्याची? फोटू काढायला बरा येळ गावला!"

शनिवारी फार्महाउसावर तिनं करंगळी बुडवून पाणी पाहिलं. मळलेलं पीठ परसातल्या चुलीशेजारी उबेला ठेवलं. तासाभरात टम्म फुगलं. तीन पाव निघाले, वरून खरपूस, आत लुसलुशीत. एक थोडा करपला होता, तेवढा तिनं खरवडला.

पाहुणे तुटून पडले. एका बाईनं विचारलं, "कुणी केला हो?"

"खास पुण्याहून बेकर बोलावलाय, मॅडम," निरंजन हसून म्हणाला.

धोंडाबाई लोण्याची वाटी घेऊन दारातच उभी होती. वीट झाली तेव्हा मावशींची, अन् पाव झाला तर पुण्याचा! लाज कशी वाटत नाही मेल्याला? ती तरातरा पुढं आली, वाटी ठेवली अन् उरलेले दोन पाव उचलले.

"मावशी, हे काय?"

"पुण्याचा माणूस यील तवा त्याच्या हातचा खावा. ह्यो माझा हाय."

पाहुण्यांच्या माना वळल्या. निरंजन तिच्याजवळ सरकून पुटपुटला, "बरं, तुम्ही केलाय. आता ठेवा ते खाली."

"मला काय सांगताय? मला ठाव हाय," धोंडाबाई म्हणाली. "तिकडं तोंड करा, अन् माझं नाव घिऊन सांगा. मोठ्यानं."