हिरव्या मोटारीची सीट

आमचे बाबा दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून पाहणाऱ्यांतले. आता डोळ्यांनी दिसत नाही, तर हातांनी आणि कानांनी तपासतात. तो स्वभाव माझ्यात पुरेपूर उतरला आहे.

कळंबच्या आमच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये एक जुनी हिरवी मोटार आहे. आधी ती यवतमाळच्या एका जिनिंगवाल्या शेठजींची होती, मग एका डॉक्टरांची, मग मारेगावच्या एका ठेकेदाराची. त्याने लग्नाच्या वराती काढून काढून तिला जेरीस आणलं, तेव्हा बाबांनी घेतली. नागपूर-अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या रॅल्यांत बाबांनी ती खूप पळवली. एका रॅलीच्या आदल्या दिवशी पाहतात तर पुढची सीट उंदरांनी कुरतडलेली. घरात आईने वेचलेल्या कापसाची गंजी लागलेली होती. घरचा असताना विकतचा कशाला, म्हणून बाबांनी तोच कापूस सरकीसकट सीटमध्ये कोंबला आणि आईने वरून शिवून टाकलं. तेव्हापासून त्या सीटवर बसलं की सरकी टोचायची. रॅलीतली माणसं हसायची. आई गेल्यावर मात्र त्या सीटला हात लावायची कोणाची छाती नव्हती.

दिसेनासं झाल्यापासून बाबा रोज संध्याकाळी त्या सीटवर जाऊन बसायचे. धाकटा भाऊ इंजिन चालू करायचा आणि बाबा आवाज ऐकायचे. दिवसभरात त्यांचा तेवढाच एक आनंद.

यंदा भाऊ गाडी रॅलीला घेऊन गेला. परतताना यवतमाळला दोन दिवस थांबला. का, ते बोलला नाही. बाबांसाठी एक नवी उशी मात्र आणली. बाबा गाडीत बसले, सीटवरून हात फिरवला आणि उतरले.

"हे आपली गाडी नोहोय," ते म्हणाले. "पोट्ट्यानं बदलवली."

मी बसून पाहिलं. सीट मऊसूत, सरकी गायब. गाडीला गिऱ्हाइकं येत होती हे मला ठाऊक होतं. मग मी मडगार्डचा पोचा पाहिला, हॉर्न वाजवला, डिकीत डोकं घालून वास घेतला. सगळं जागच्या जागी. त्याने माझा संशय उलट वाढलाच. आज सीट गेली, उद्या दिवे जातील, परवा गाडीच जाईल आणि बाबांची संध्याकाळही तिच्यासोबत. भाऊ गप्प होता. चोराच्या मनात चांदणं, असं मी धरून चालले.

बाबांनी शेडमध्ये जाणं सोडलं. भावाच्या हातचा चहा घेईनात. नवी उशीसुद्धा त्यांनी पायथ्याशी ढकलून दिली. "खडे भरले यात," म्हणाले. बाजारचा माल तो, मी लक्ष दिलं नाही.

शेवटी मी एसटीने यवतमाळ गाठलं आणि सीट शिवणाऱ्याला शोधून काढलं. तो म्हणाला, "बाबाच्या कमरेले टोचते म्हणून तुमच्या भावानं फोम टाकाले लावला. जुना कापूस मी फेकून राह्यलो होतो, तं माह्यावरच भडकले. त्याची उशी भरून घेतली. मी म्हटलं, सरकीची उशी कोणी डोक्याखाली घेते का? तं म्हणे, माह्या मायच्या हातचा कापूस हाय."

घरी येऊन उशी दाबून पाहिली. बोटांना सरकी लागली. भाऊ अंगणात नळावर हात धूत होता. मला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त.

"मंग सांगतलं काहून नाही?" मी विचारलं.

"तू यवतमाळले जाऊन इचारून आली, ताई," तो म्हणाला. "मी तं इथीच होतो."

मी उशी नेऊन सीटवर ठेवली आणि बाबांना हाताला धरून शेडमध्ये आणलं. ते बसले. जरा सरकून पाहिलं, उशीच्या कडेने बोटं फिरवली, पुन्हा बसले.

"आली आपली गाडी," ते म्हणाले.

मग दाराच्या दिशेने तोंड वळवलं. भाऊ तिथेच उभा होता, आवाज न करता. तरी बाबांना कळलं होतं.

"त्याले म्हण, चालू कर."