ठिपक्यांची दुर्बीण

दुर्बीणवाले सर शिकवायचे झकास, पण दुर्बीण कुणाच्या हातात देताना त्यांच्या जिवावर यायचं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. पोटात सोडायची, बारीक काचतंतूंची ती लवचीक नळी सरांची स्वतःची. लोणावळ्याच्या आमच्या दवाखान्यात दुसरी नव्हतीच. तिला डोळा लावायला जागा एकच. एकाने बघायचं, बाकीच्यांनी "काय दिसतंय सर?" करत ताटकळायचं. मी परीक्षेत पहिली आलेली, नाक वर करून चालणारी नवी डॉक्टरीण. आणि मला काम काय? पेशंटचं डोकं धरायचं! दीड वर्षं मी नुसती डोकी धरली.

सर मधूनमधून परदेशी जात. नैरोबी, कोलंबो, कुठे कुठे. तिथल्या डॉक्टरांना दुर्बिणीतून पित्तनलिकेचं तोंड शोधायला शिकवत.

"त्यांच्या हातात देता, मग मला का नाही?" मी एकदा फणकारले.

"ते पेशंट बघून आलेत. तू पुस्तक बघून आलीस."

आतला एक तंतू तुटला की दिसणाऱ्या चित्रात काळा ठिपका पडतो, तो कायमचा. परतल्यावर सर दुर्बिणीला डोळा लावून हजेरी घेतल्यासारखे ठिपके मोजत. "हा नैरोबीचा, घाईत पडलेला. हा कोलंबोचा, तो गृहस्थ बायकोशी भांडून आला होता." मग दुर्बीण कपाटात, पेटत्या बल्बशेजारी. लोणावळ्याच्या दमट हवेत काचेला बुरशी धरते ना! मी भिजून शिंकत असायची. ऊब मात्र दुर्बिणीला.

शेवटी मी हटूनच बसले. सरांनी निमूट दुर्बीण दिली. टेबलावर मळवलीचे एक आबा होते.

"बाई, येवडी नळी माज्या प्वाटात मावंल व्हय?"

"मावते हो आबा. हलू नका!"

डोळा लावला आणि मी हरखलेच. गुलाबी गुहा! मी मोठ्याने जठराचं वर्णन करत सुटले, अगदी पुस्तकातल्या शब्दांत. नळी चावली जाऊ नये म्हणून आबांच्या दातांमध्ये बसवलेली रबरी कडी कधी निसटली, ते हात कधी हलवायला लागले, मला पत्ता नाही. नळीवर दात पडून कचकन आवाज झाला आणि चित्रात दोन ठिपके उगवले. सरांनी झटकन पुढे होऊन अलगद नळी काढली, आबांची पाठ चोळली. मला बोलले ते आबा.

"बाई, आत लय बगितलंत. भाईर बी यकदा बगायचं की. जीव चाललावता माजा."

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा डोकी धरायला.

वर्षभराने सर कायमचे परदेशी शिकवायला निघाले. लोणावळा स्टेशनवर त्यांनी माझ्या हातात दुर्बिणीची पेटी दिली. मी तिथेच बाकावर उघडली, नळीचं टोक डोंगराकडे धरलं. डोंगरावर तीळ सांडल्यासारखे ठिपके.

"सर, यातून निम्मं दिसतच नाही!"

"म्हणूनच तुला दिली. उरलेलं निम्मं पेशंटच्या चेहऱ्यावर शोध."

गाडी सुटली. रागाच्या भरात मी नमस्कारसुद्धा केला नाही, आणि पुढे कधी भेट झाली नाही.

नंतर माझ्या हाताखाली बरेच डॉक्टर शिकले. सगळ्यांना मी आधी डोकी धरायला लावली. सगळे माझ्यावर चिडले. सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. पण पेशंटच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय माझा डोळा कधी काचेला लागला नाही. सरांचंच खरं ठरलं, आणि खरा राग त्याचाच येतो.