सात नंबरची किल्ली

किस्से स्टीलच्या डब्यांसारखे असतात. कॅम्पहून आपला म्हणून उचलून आणायचा आणि घरी बघावं तर झाकणावर नाव दुसरीचंच कोरलेलं! माझ्याकडे असे डबेही साठलेत आणि किस्सेही. डबे परत करीन म्हणते, तोवर किस्से तरी मोकळे करते.

कॅम्प म्हणजे सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावरचा सरकारी फॅमिली कॅम्प. एका रांगेत दहा जुन्या खोल्या, पुढे सामाईक व्हरांडा, मागे बार्बेक्यूचा कट्टा. त्यावर आम्ही भरताची वांगी भाजायचो. सरकार त्याला शॅले म्हणायचं, नेनेकाकू चाळ म्हणायच्या. दर जूनच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा मराठी कुटुंबं तिथे दोन दिवस राहायचो.

सात नंबरची खोली कायम नेनेकाकूंची. नेनेकाका जहाजावर चीफ इंजिनिअर होते आणि तिथून समोर नांगर टाकलेली जहाजं दिसायची. शेवटच्या खेपेलाही काका त्याच व्हरांड्यातून "येतो गं" म्हणून निघाले. त्या खेपेहून ते आलेच नाहीत. काकूंनी सात नंबर बुक करणं मात्र सोडलं नाही.

*

आम्ही तिथे जायला लागलो त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. निघताना काकूंनी केअरटेकर रहमत अंकलना किल्ली दिली. "जाते" कसं म्हणायचं? म्हणून इंग्रजीतही सवयीनं म्हणाल्या, "ओके, आय ॲम कमिंग."

काकू एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जुरोंग ईस्टला घरी पोचल्या, चहा टाकला, तर रहमत अंकलचा फोन. ऑफिस चारला बंद व्हायचं आणि सहा वाजले होते.

"मॅडम, यू कमिंग ऑर नॉट?"

पुढच्या रविवारी काकू चिवड्याचा डबा घेऊन माफी मागायला गेल्या आणि आमच्यात 'जाते' का म्हणत नाहीत तेही समजावून आल्या. रहमत अंकलनी विचार केला आणि विचारलं, "सो गोइंग ऑल्सो कमिंग?"

डबा अजून त्यांच्याकडेच आहे. माझा होता.

*

मग एका वर्षी व्हरांड्यात नोटीस लागली. कॅम्प जुना झालाय, ठेवायचा की पाडायचा ते ठरवायचंय, लोकांनी मत कळवावं.

माझा नवरा आनंद रॅफल्स प्लेसला बँकेच्या आयटीत मॅनेजर आहे. त्यानं ताबडतोब कॅम्प वाचवायला प्रेझेंटेशन केलं. कॅम्पच्या उणिवांच्या अकरा स्लाइड झाल्या. जमेच्या बाजूला एकच, तीही माझ्या भरताचा फोटो. मी म्हटलं, "अरे, समुद्र?"

"तो कॅम्पच्या मालकीचा नाही," आनंद म्हणाला.

*

फॉर्म सगळ्यांनी भरले. शेवटी सूचनांसाठी मोठा चौकोन होता. आता, पुण्यातल्या माणसाला सूचनांचा चौकोन कोरा सोडता येतो का? मी मागे कागद जोडून लिहिलं: नळाला गंज, गीझरला मूड, मुंग्यांना शिस्त नाही, आरशात माणूस दहा वर्षांनी मोठा दिसतो. (आरसा बदलून काही फरक पडला नसता, हे आता कळतंय.) बाकीच्यांनीही लिहिलं. इतक्या आपुलकीनं आम्ही फक्त माहेराला नावं ठेवतो!

फीडबॅक मीटिंगला तरुण ऑफिसर बाईंनी आकडे दाखवले. कॅम्प नको म्हणणाऱ्यांत आमचा ग्रुप सगळ्यात वर. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, माझी तक्रार सर्वांत तपशीलवार होती, त्याबद्दल आभार.

मी घाईघाईनं उठून सांगितलं, की हे प्रेमानं लिहिलं होतं. बाईंनी ते लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात, कोण जाणे.

*

त्याच मीटिंगमध्ये बाईंनी मुलांचंही मत विचारलं. माझ्या लेकाकडून मी घरीच एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. तो उठला आणि अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "ओके लाह. बट वाय-फाय कॅनॉट."

नंतर नव्या कॅम्पची चित्रं दाखवली. बेटाच्या मध्यभागी, एसी, लिफ्ट, सगळं चकचकीत. नेनेकाकूंनी हात वर केला.

"सी इज देअर?"

बाईंनी चित्र नीट पाहिलं. म्हणाल्या, कारंजं आहे.

काकू "बरं" म्हणून बसल्या. ते 'बरं' आमच्यापैकी कोणालाच आवडलं नाही.

*

कॅम्प बंद करायचं ठरलं. शेवटच्या जूनला आम्ही सगळे गेलो. वांगी भाजली, ग्रुप फोटो काढला, गीझर पहिल्यांदा पहिल्या झटक्यात लागला.

निघताना काकू सात नंबरच्या व्हरांड्यात जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मग किल्ली घेऊन ऑफिसकडे निघाल्या. सोबत मी होते, माझा डबा मिळतो का बघायला.

ऑफिस रिकामं झालं होतं. टेबल नेलेलं, भिंतीवरून किल्ल्यांचा बोर्ड काढलेला. रहमत अंकल एका प्लॅस्टिकच्या खुर्चीशी उभे होते, बॅग खांद्याला लावून, निघायच्या तयारीत.

काकूंनी त्यांच्या तळहातावर किल्ली ठेवली.

"ओके, आय ॲम कमिंग."

रहमत अंकलनी किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली आणि खुर्चीत बसले.

"ओके, मिसेस नेने," ते म्हणाले. "आय वेट."